विमानातली शाळा आणि गाडीतली गैरहजेरी

मुलांना घेऊन वर्षभर जगप्रवासाला निघण्याची टूम आता आमच्या नाशकापर्यंत येऊन पोचली आहे. पूर्वी गंगापूर रोडवरच्या सुखवस्तू घरांतून उन्हाळ्यात महाबळेश्वर होई, फार झाले तर काश्मीर होई. मग सिंगापूर आले, बारा दिवसांत आठ देश दाखवणाऱ्या सहली आल्या. आता त्याही मागे पडू लागल्या आहेत. आईबापांनी नोकरीधंद्यातून वर्षाची उसंत काढायची, मुलांसाठी शाळेकडून रजा मिळवायची, आणि देशामागून देश हिंडत पोरांना ‘जगाच्या शाळेत’ घालायचे, असा हा नवा बेत आहे. अशी कुटुंबे अजून बोटांवर मोजण्याइतकीच निघतात. पण ज्यांना हे परवडत नाही त्यांनाही ते परवडावेसे वाटू लागले आहे, आणि कोणत्याही टुमेचे खरे बळ त्यातच असते.

या बेताविषयी आमच्याकडे दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष कपाळाला हात लावतो: पोरांचे वर्ष बुडाले, गणित कच्चे राहिले, पुढे दहावीला हे टक्के कुठून आणणार! दुसरा पक्ष टाळ्या पिटतो: एका वर्षाचा प्रवास म्हणजे दहा वर्षांची शाळा, मुले कशी शहाणी होऊन परत येतील पाहा! मला या दोन्ही पक्षांशी भांडायचे आहे. आणि ते आटोपल्यावर एका तिसऱ्या गोष्टीविषयी बोलायचे आहे, जिच्याबाबत हे दोन्ही पक्ष सारखेच गप्प बसतात.

आधी कपाळाला हात लावणारे घेऊ. मी जन्मभर खडू झिजवला आहे. हजेरी वेगळी आणि शिक्षण वेगळे, हे मास्तराला जितके ठाऊक असते तितके दुसऱ्या कोणालाही नसते. वर्षभर एकही दिवस न चुकवता बाकावर बसलेली, आणि तरीही ज्यांच्या डोक्यात त्या वर्षाने काहीच ठेवले नाही अशी मुले प्रत्येक मास्तराने पाहिलेली असतात. तेव्हा शाळेबाहेर गेलेले वर्ष बुडालेच, हे काही मी मान्य करणार नाही.

एक उदाहरण देतो, आणि त्यासाठी विमानात बसण्याचीही गरज नाही. नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला पाच मैलांवर त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. नाव पांडवांचे असले तरी ती बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. त्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले, आणि त्याबरोबर ३००० कार्षापणांची कायमची ठेव ठेवली. ठेव कोठे ठेवली? गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींत. २००० कार्षापण एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे खर्चायचे. आणि पावसाळ्यात लेण्यात मुक्काम करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे, असे त्यात कोरून ठेवले आहे.

आता एखाद्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला त्या लेण्याच्या ओसरीवर बसवा आणि हिशेब करायला सांगा. २००० वर दरमहा शेकडा १ म्हणजे महिन्याचे २०, वर्षाचे २४०. आणि २० भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजे किती? तेही २४०! एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. सरळव्याजाचा धडा फळ्यावर आठ दिवस घालून जे होत नाही ते इथे अर्ध्या तासात होते, आणि मुलगा पुढे स्वतःच विचारू लागतो. विणकर सावकारी कशी करीत होते? राजाच्या जावयाला विणकरांचा भरवसा का वाटला? दुसऱ्या श्रेणीचे व्याज कमी का? गोवर्धन हे गाव गंगापूरच्या वाटेवर आजही आहे. तिथे जाऊन पाहूया का? हा इतिहास झाला, भूगोल झाला, गणित झाले, आणि मुलाचा वर्ग बुडाला असेल एक दिवस. असे तीनशे दिवस ज्याला मिळतील त्याचे वर्ष बुडाले कसे म्हणावे?

पण हेच उदाहरण टाळ्या पिटणाऱ्यांच्याही अंगावर जाते. पांडवलेण्यांच्या पायऱ्या सकाळी व्यायामासाठी चढणारी माणसे आमच्या गावात भरपूर आहेत. वर्षानुवर्षे ती चढतात, धापा टाकतात, वारा खातात आणि उतरतात. उषवदाताचे व्याज त्यांच्यापैकी कितीजणांनी मोजले असेल? दगड आपण होऊन बोलत नाही. त्याला बोलता करणारे माणूस जवळ लागते. ते नसेल तर घराजवळचे लेणे काय आणि रोमचे भग्न रंगमंडल काय, दोन्ही ठिकाणी मूल छायाचित्र काढून घेते आणि खायला मागते. अंतर वाढले म्हणून शिक्षण वाढत नाही.

मग प्रवासाचे शिक्षण होते ते कशाने? याचे उत्तर आपल्याला परदेशी पुस्तकांत शोधायला नको. मुलांना बरोबर घेऊन वर्षानुवर्षे हिंडणारे आणि त्या हिंडण्यातच मुलांना शिकवणारे एक मराठी घर दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेले आहे. ते घर अनंतशास्त्री डोंगरे यांचे.

शास्त्रीबोवांचे दुसरे लग्न या आमच्या गोदावरीच्याच काठी एका गावी ठरले. एक ब्राह्मण बायकामुलींसह यात्रेला निघाला होता. नदीवर स्नानाला आलेल्या या परक्या गृहस्थाला त्याने आपली नऊ वर्षांची मुलगी देऊन टाकली. त्या लहानग्या लक्ष्मीबाईला शास्त्रीबोवांनी घरी नेऊन संस्कृत शिकवायला घेतले. बायकोला देववाणी शिकवतो म्हणून लोक उठले, तेव्हा त्यांनी पंडितांच्या सभेत शास्त्राधारे आपली बाजू मांडली, आणि पुढे सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. तिथे १८५८ साली रमा जन्मली. ती काही महिन्यांची असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले, ते पुढे सोळा-एक वर्षे चालतच राहिले. आईबाप, थोरली बहीण, भाऊ श्रीनिवास आणि ही धाकटी. तीर्थाच्या ठिकाणी पुराण सांगायचे, मिळेल त्यावर राहायचे, आणि पुढचे तीर्थ धरायचे.

या कुटुंबाला ना शाळा होती, ना हजेरीपट. होती ती आई. वडील थकलेले, म्हणून रमेला शिकवण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. दिवसभर स्वयंपाक, पाणी, आल्यागेल्याचे करणे; मग शिकवायचे केव्हा? तर पहाटे. झोपेतल्या पोरीला उठवायचे, आणि झाडावरची पाखरे बोलू लागत असतील त्या वेळी तिचा पाठ घ्यायचा. आज एक गाव, उद्या दुसरे. आज धर्मशाळा, उद्या देवळाचा ओटा. पण पहाटेचा पाठ ठरलेला. त्या पाठांतून ही मुलगी लहान वयातच भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत म्हणू लागली, आणि १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. पंडिता रमाबाई त्या याच.

तेव्हा मुलीला शहाणे केले ते रस्त्याने नव्हे. रस्त्यावरून त्या काळी लाखो यात्रेकरू जात येत होते. तिला शहाणे केले ते रस्त्यावरही न चुकलेल्या पाठाने. हे मी टाळ्या पिटणाऱ्यांना सांगतो.

आणि भटकंतीचा मी भाट आहे असेही कोणी समजू नये. १८७४ च्या दुष्काळात हे कुटुंब सापडले. वडील गेले, आई गेली, मागोमाग बहीण गेली. पुढे रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले की शास्त्रे शिकलेल्या या घराला ना अंगमेहनतीचे काम येत होते, ना भीक मागवत होती. उरलेली दोघे भावंडे अनवाणी, अर्धपोटी, शेकडो मैल चालत राहिली. पाठ न चुकणे हे आवश्यक आहे, पण पोटाला अन्न हेही आवश्यक आहे. अन्न नसलेला प्रवास म्हणजे शाळा नव्हे, वनवास.

आता ती तिसरी गोष्ट.

हा अंक तुमच्या हाती पडेल त्या सुमारास महाराष्ट्रातली हजारो कुटुंबे मुलाबाळांसह लांबच्या प्रवासाला निघालेली असतील. त्यांच्या प्रवासाची वर्तमानपत्रात कौतुकाची बातमी येत नाही. बीडकडून, अहिल्यानगरकडून, आमच्या नांदगावाकडूनही ती निघतात आणि उसाच्या मुलखाला जातात. काही थेट कर्नाटकात. मुकादमाची उचल अंगावर असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. ट्रॅक्टरवर, टायरगाडीवर भांडीकुंडी, कोंबड्या, म्हातारी माणसे आणि त्यांच्यामध्ये पोरे. कारखान्याच्या आसपास पाचटाची कोपी घालायची आणि पाच-सहा महिने तीच घर. गाळप संपले की चैत्र-वैशाखात परत. इकडे आमच्या पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे छाटणीच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. बाग आटोपली की पुढची बाग.

या प्रवासात मूल काही शिकत नाही असे नाही. दहा वर्षांचा पोरगा बैलाच्या चालीवरून त्याचे दुखणे ओळखतो. गाडीत किती टन ऊस भरला आणि उचलीतले किती फिटले, हे त्याला तोंडी येते. बेळगावकडे गेलेले पोर चार महिन्यांत बाजारापुरते कानडी बोलू लागते. आपल्या नव्या टुमेच्या भाषेत बोलायचे तर अनुभव, व्यवहारज्ञान, परभाषा, निसर्गाशी सहवास, सगळे काही त्याला मिळते. मग यालाही आपण ‘जगाच्या शाळेत गेला’ असे का म्हणत नाही? सरकारी भाषेत त्याला ‘शाळाबाह्य’ म्हणतात.

माझा एक जुना विद्यार्थी जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की त्याच्या वर्गातले निम्मे बाक रिकामे असतात. तो हजेरीपटावर रोज गैरहजेरी मांडतो, आणि उन्हाळ्यात परत आलेल्या पोरांना विसरलेल्या बाराखडीपासून पुन्हा उभे करतो. त्याच सुमारास शहरातल्या एका शाळेत मी वेगळा सोहळा पाहिला. वर्षभर परदेशी निघालेल्या दोन भावंडांना प्रार्थनेच्या वेळी पुढे बोलावले, गुच्छ दिले, त्यांच्या धाडसाविषयी भाषण झाले आणि परत आल्यावर त्यांचा वर्ग राखून ठेवला जाईल असे जाहीर झाले. मुले गोड होती, आईबाप सुजाण होते. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्या टाळ्यांत मला तो खेड्यातला हजेरीपट आठवत होता. दोन्हीकडची मुले आईबापांबरोबर शाळा सोडून लांब निघाली होती. एकीकडे गुच्छ, दुसरीकडे फुली.

कोणी म्हणेल, तुलनाच चुकीची आहे. हे शिकण्यासाठी जातात, ते पोटासाठी जातात. या युक्तिवादाला मी अनंतशास्त्र्यांना साक्षीला उभे करतो. पुराण सांगून मिळेल ते खाणारे ते कुटुंब पोटासाठी हिंडत नव्हते तर कशासाठी? पुण्य आणि पोट दोन्ही त्या गाठोड्यात होते. पोटासाठी केलेल्या प्रवासातून पंडिता निघू शकते. फक्त त्या गाडीत पहाटे उठवणारी लक्ष्मीबाई पाहिजे. उसाच्या फडावरची आई पहाटेच्याही आधी उठते, कोयता घेऊन अंधारात फडात शिरते. तिला स्वतःलाच कोणी अक्षर शिकवलेले नसेल तर तिने पोरीला काय शिकवावे? म्हणजे फरक मुलांत नाही आणि प्रवासातही नाही. एका गाडीत शिकवणारे माणूस आहे, दुसऱ्या गाडीत नाही, एवढाच तो आहे. आणि ते माणूस गाडीत बसवणे हे समाजाचे आणि सरकारचे काम आहे.

काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायला शिक्षण हमी पत्रक निघाले. ही कामे मनापासून करणारी माणसे मी पाहिली आहेत. पण पत्रक गाडीत बसते, मास्तर बसत नाही. आणि कोपीपासून शाळा दूर असली, घरी सांभाळायला तान्हे भावंड असले, की पत्रक ट्रंकेत राहते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. तुझे घर पक्के आहे की पाचटाचे, असे तो कायदा विचारत नाही.

एकाच वाटेने आलेल्या दोघांपैकी एकाला आत घ्यायचे आणि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, या प्रकाराचा नाशिकला जुना परिचय आहे. १९३० साली काळारामाच्या दारात डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांना सत्याग्रह करावा लागला तो याच गावात. देवळाचे दार उघडायला किती वर्षे लागली ते आपण जाणतो. शाळेचे दार तर कायद्याने उघडेच आहे. फक्त आत येणाऱ्याच्या पायांचे वेळापत्रक आपल्या वेळापत्रकाशी जुळत नाही.

मग सुखवस्तू घरांनी मुलांना जग दाखवू नये काय? दाखवावे, अवश्य दाखवावे! फक्त एक जुनी रीत पाळावी. आपल्याकडे काशीला जाऊन आलेला माणूस गंगेचे पाणी आणतो आणि ते साऱ्या आळीत वाटतो. प्रवास एकट्याने केला तरी त्याचे तीर्थ एकट्याने प्यायचे नसते.

ही रीत मोठ्या प्रमाणावर पाळणारा माणूस आमच्याच जिल्ह्यातला. मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचा गोपाळ हा शेतकऱ्याघरचा मुलगा १८७५ साली वयाच्या बाराव्या वर्षी बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, तेव्हा त्याला लिहितावाचता येत नव्हते. सयाजीराव महाराज झाल्यावर त्यांनी जग पालथे घातले. कधी महाराणी चिमणाबाई बरोबर, कधी मुले बरोबर. हौस होतीच, ऐश्वर्यही होते. पण त्यांनी जगातून गावासाठी काय आणले ते पाहा. अमरेली भागात १८९३ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. त्याच वर्षी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. १९१० साली तिकडचे जाणकार बॉर्डन यांना बोलावून घेतले आणि पेट्यांतून गावोगाव फिरणारी वाचनालये सुरू केली. वाचणाऱ्याने पुस्तकापाशी यावे हा नियम त्यांनी उलटा केला आणि पुस्तकाला वाचणाऱ्याच्या गावी धाडले.

दुसरे उदाहरण पुन्हा रमाबाईंचेच. बापाच्या मागे पायी हिंडलेली ही मुलगी १८८३ साली, विधवा झाल्यावर, दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेली. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी अमेरिकेला गेली. पुढे मुलीला काही काळ इंग्लंडात ख्रिस्ती भगिनींपाशी ठेवावे लागले. १८८९ च्या आरंभी ती जपानमार्गे मुंबईला परतली, म्हणजे तिची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी झाली. तिच्या धर्मांतराविषयी कोणाचे काही मत असो. तिने प्रवासातून काय आणले ते मोजा. लहान मुलांना खेळातून शिकवण्याची बालोद्यानाची पद्धत फिलाडेल्फियात शिकून आणली, अमेरिकेतल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले, आणि परतल्यावर दीड-दोन महिन्यांच्या आत, ११ मार्च १८८९ ला, मुंबईत शारदासदन उघडले. नवऱ्यामागे उरलेल्या पोरींना शिकवण्यासाठी!

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिली: शाळेने दोन्ही प्रकारच्या मुलांसाठी एकच नियम करावा. विमानाने जाणाऱ्याचा वर्ग राखून ठेवता, तर गाडीने जाणाऱ्याचाही राखावा. एकाला वही देऊन पाठवता, तर दुसऱ्यालाही द्यावी आणि परतल्यावर दोघांचीही तितक्याच आस्थेने तपासावी. दुसरी: जिथे पन्नास कोप्या पडतात तिथे हंगामापुरता एक शिक्षक पडावा, आणि त्याचा पगार कारखान्याने व सरकारने मिळून द्यावा. साखरेच्या हिशेबात वाहतूक धरता, तोडणी धरता. मग तोडणाऱ्याच्या पोरांचा मास्तर का धरत नाही? तिसरी मागणी जगप्रवासाला निघालेल्या कुटुंबांकडे आहे. परत आल्यावर आपल्या मुलांना घेऊन अशा एका शाळेत जा. तुमच्या मुलाने पाहिलेल्या समुद्राची गोष्ट त्याने तिथे सांगावी, आणि ऊसतोड्याच्या पोराने बैलांची गोष्ट त्याला सांगावी. भाषणे नकोत, सत्कार नकोत. दोन प्रवासी एकमेकांना भेटतात तशी ती भेटावीत. मला खात्री आहे, त्या दिवशी तुमचा मुलगा जे शिकेल ते त्याला पॅरिसात मिळालेले नसेल.

फराळाची ताटे अजून समोर आहेत, तोवर एवढेच करा. सुट्टी संपली की आपल्या गावाकडच्या शाळेत एक फेरी मारा आणि मास्तरांना विचारा: कोणते बाक रिकामे आहेत, आणि त्यांवर बसणारी मुले या घटकेला कोणत्या कारखान्यावर आहेत? मास्तरांना नावे ठाऊक असतात. ती एकदा तुम्हीही ऐका.